डासाचं रक्तही तपासा

हत्तीरोगासाठी रक्त घ्यायला नागपूर जिल्ह्यात माणसं रात्री येतात. या रोगाच्या सूक्ष्म अळ्या दिवसा फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्र झाली की अंगभर फिरू लागतात. त्यांना नेणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. म्हणून आरोग्यसेवक दहानंतर दार वाजवतात, झोपेतून उठलेल्या माणसाचं बोट टोचतात, काचपट्टीवर थेंब घेतात आणि पुढच्या घरी जातात. आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेन्डाझोल ही तिन्ही औषधं एकत्र देण्याची मोहीम देशात सुरू झाली, तेव्हा पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूर होतं. सिकलसेलसाठीही विदर्भात रक्ततपासणी चालू असते. सिकलसेलचा एकच जनुक घेऊन जन्मलेल्याला फाल्सिपॅरम हा जीवघेण्या प्रकारचा मलेरियाही सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून तर हा जनुक मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्पिढ्या टिकला.

माणसाच्या रक्ताची इतकी चौकशी आपण करतो. ज्याच्या सोंडेतून हत्तीरोग आणि मलेरिया येतात त्या डासाच्या रक्ताचा मात्र आपण विषयच काढत नाही. डासाला स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी असतात. त्या पेशी एकेक वेगळ्या ओळखण्याची, उजळवण्याची, बंद पाडण्याची जनुकीय साधनं गेल्या काही वर्षांत तयार झाली आहेत. ती आपल्या डासांवर, आपल्याकडच्या सरकारी संस्थेत, सगळ्यांच्या देखत वापरली जावीत, असं माझं म्हणणं आहे. जनुक बदललेले डास बाहेर सोडायचे की नाहीत हा वाद निराळा आहे आणि तो जरूर व्हावा. पण त्या वादाच्या धाकाने हा अभ्यास दाराबाहेर ठेवणं विदर्भाला परवडणारं नाही.

आधी या पेशींविषयी. डासाच्या अंगात आपल्यासारखं रक्तवाहिन्यांचं जाळं नसतं. पाठीच्या बाजूने जाणारी एक लांब नळी हेच त्याचं हृदय. ते हिमोलिम्फ नावाचा फिकट द्रव अंगात फिरवतं. त्या द्रवात तरंगणाऱ्या आणि आतल्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी म्हणजे हिमोसाइट. त्यांतल्या ग्रॅन्युलोसाइट घुसखोराला गिळतात. इनोसाइटॉइड पेशी अशी द्रव्यं सोडतात की घुसखोराभोवती काळं मेलॅनिन साचतं आणि तो त्यात कोंडून मरतो. एका मादीत या पेशी सगळ्या मिळून काही हजार. माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्येच चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात, यावरून अंदाज करा.

त्या बाहेर काढायच्या म्हणजे मादीला बर्फावर गार करून निपचित करायचं, पोटाच्या शेवटच्या खंडाला बारीक चीर द्यायची आणि छातीत केसाएवढ्या काचेच्या सुईने क्षारांचं द्रावण सोडायचं. मागच्या चिरेतून एक थेंब निघतो. तो काचपट्टीवर घेतला की थोड्या वेळात ग्रॅन्युलोसाइट काचेला चिकटून पसरतात. इनोसाइटॉइड गोलच राहतात, आणि नाजूक इतक्या की पाहता पाहता फुटून जातात. ज्या भिंतींना चिकटून राहिल्या त्या थेंबात येतच नाहीत. संसर्ग झाल्यावर हिमोसाइट हृदयाच्या झडपांपाशी गोळा होतात, हे कळलेलं आहे. त्या तिथे जागच्या जागी पाहायच्या तर डास आतून उजळला पाहिजे.

जनुकीय साधनं लागतात ती इथे. प्रत्येक जनुकाच्या आधी डीएनएचा एक तुकडा असतो, प्रमोटर. तो जनुक कुठल्या पेशीत चालू होणार, हे हा तुकडा ठरवतो. फक्त हिमोसाइटमध्येच चालू होणाऱ्या जनुकाचा प्रमोटर घ्यायचा, त्याला लाल किंवा हिरव्या चकाकणाऱ्या प्रथिनाचा जनुक जोडायचा आणि ती जोडणी डासाच्या अंड्यात सोडायची. अंडं घातल्यावर त्याचं कवच काळं, टणक व्हायला फार वेळ लागत नाही, तेवढ्या अवधीत सुई त्याच्या मागच्या टोकात गेली पाहिजे, कारण पुढच्या पिढीचं बीज तिथे तयार होतं. बरीच अंडी सुईनेच मरतात. जगलेल्यांचं संकर करून पुढच्या पिढीतल्या अळ्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पाहायच्या. जोडणीतच डोळे चकाकवणारी एक खूणही घातलेली असते, त्यामुळे ज्यांचे डोळे चकाकतात त्यांच्यात जोडणी बसली. अशाच रीतीने पीपीओ-६ या जनुकाचा प्रमोटर वापरून आफ्रिकेतल्या ॲनाफिलिस गॅम्बिया या मलेरियावाहक डासाच्या हिमोसाइट उजळवल्या गेल्या.

याच्याही पुढची युक्ती दोन डासांत वाटून घातलेली असते. घरातल्या वायरिंगचा विचार करा: एका डासाच्या वंशात बटण, दुसऱ्याच्या वंशात दिवा. वेगवेगळे ठेवले तर काहीच घडत नाही, दोघांचा संकर केला की संततीत हव्या त्याच पेशीत दिवा लागतो. बटणाचा जनुक यीस्टमधून आणलेला असेल तर त्या पद्धतीला गॅल-४ म्हणतात, न्यूरोस्पोरा या बुरशीतून आणलेला असेल तर क्यू पद्धत. दिव्याच्या जागी पेशी मारणारा जनुक ठेवता येतो, किंवा तिच्यातलं एखादं प्रथिन बंद पाडणाराही. म्हणजे बाकी डास आहे तसा, पेशींची फक्त एक जात गैरहजर. मग त्याला मलेरियाचे जंतू असलेलं रक्त पाजायचं आणि काय होतं ते बघायचं.

हे कशाला हवं, हा प्रश्न रास्त आहे. याला माझ्याकडे असलेलं सगळ्यात बळकट उत्तर असं. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटाची भिंत ओलांडतो तेव्हा बहुतेक जंतू तिथेच मारले जातात. हे काम टेप-१ नावाचं प्रथिन करतं, हे २००४ साली दाखवलं गेलं. २०१० साली असं दिसलं की एकदा संसर्ग होऊन गेलेल्या ॲनाफिलिसमध्ये हिमोसाइटची ठेवण बदलते आणि दुसऱ्या संसर्गाला तो जास्त तयारीने तोंड देतो. २०१९ साली क्लोड्रोनेट नावाचं औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत घालून डासाला टोचलं. गिळणाऱ्या पेशी ते कण गिळून मेल्या आणि मलेरियाचे जंतू जास्त संख्येने तगले. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे, हिमोसाइट म्हणजे जंतूचा शत्रू. पण हाच प्रकार एडिस इजिप्तायमध्ये, डेंग्यू आणि झिकाच्या विषाणूंबाबत करून पाहिला तेव्हा उलटं घडलं. गिळणाऱ्या पेशी कमी केल्या तर विषाणूचा अंगातला फैलाव मंदावला. याचा अर्थ, ज्या पेशी मलेरियाला अडवतात त्याच डेंग्यूला पाठीवर बसवून लाळग्रंथींपर्यंत नेतात, असं दिसतं.

नागपूरकराने हे वाक्य दोनदा वाचावं. शहरात डेंग्यू, २०२४च्या पावसाळ्यात सांधे धरून बसवणारा आणि कित्येकांची नाकं काळी पाडून गेलेला चिकुनगुन्या, पूर्वेला गडचिरोलीत फाल्सिपॅरम मलेरिया, अधेमधे हत्तीरोग. तीन जातींचे डास, चार रोग, एका दिवसाच्या प्रवासात. उद्या कुणी डासाची प्रतिकारशक्ती वाढवण्याचा नामी उपाय घेऊन आला, तर आपण विचारायला हवं की कुठल्या डासाची, कुठल्या पेशीची, कुठल्या रोगासाठी. एका रोगावरचा उपाय दुसऱ्याला वाट करून देणार नाही ना, याचं उत्तर क्लोड्रोनेटसारख्या बोथट हत्याराने मिळत नाही. ते फक्त गिळणाऱ्यांना मारतं, बाकीच्या जातींना हातही लावत नाही. २०२० साली एकेका पेशीतल्या आरएनएची वाचणी झाली, तेव्हा तर पुस्तकातल्या जाती अपुऱ्या पडल्या. मेगासाइट नावाच्या मोठ्या पेशींचा गट नव्याने सापडला. या गटांना वेगवेगळं हाताळायचं तर पेशीगणिक प्रमोटर हवेत.

आणि ते प्रमोटर आपल्या डासांसाठी कुठे आहेत? बहुतेक काम गॅम्बिया आणि एडिस इजिप्तायवर झालं आहे. गॅम्बिया आफ्रिकेचा. भारतात ग्रामीण मलेरियाचा मुख्य वाहक क्युलिसिफेसिस. तो दिसायला एक, पण आतून पाच. ए, बी, सी, डी, ई अशा पाच जुळ्या जाती त्यात आहेत. अनुभवी कीटकशास्त्रज्ञही नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या ओळखू शकत नाही, त्यासाठी गुणसूत्रांवरचे पट्टे किंवा डीएनए पाहावा लागतो. दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेत सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातली बी ही जात मलेरियाची फार कमकुवत वाहक आहे. रूप तेच, गोठा तोच, बी सहसा मलेरिया पसरवत नाही आणि तिच्या बहिणी पसरवतात. या फरकाचा किती भाग तिच्या हिमोसाइटमध्ये आहे? गडचिरोलीच्या मलेरियाविषयी याहून महत्त्वाचे मूलभूत प्रश्न फार थोडे असतील. आणि हा प्रश्न बोस्टनला किंवा लंडनला कुणी आपण होऊन हाती घेईल, अशी आशा मला नाही. हो, आपल्या शहरांत मलेरिया पसरवणारा ॲनाफिलिस स्टेफेन्साय त्यांनी उचलला. जनुक घालून बदललेला जगातला पहिला ॲनाफिलिस हाच, २००० साली, लंडनच्या प्रयोगशाळेत. आता तो २०१२पासून जिबूती आणि पुढे इथिओपियात पोचल्यावर जगाला त्याची आणखीच काळजी वाटू लागली आहे. क्युलिसिफेसिसने असे नवे मुलूख काबीज केल्याची बातमी नाही, म्हणून बिचारा दुर्लक्षित.

हत्तीरोगाच्या बाबतीत तर आणखी चमत्कारिक गोष्ट आहे. सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात आर्मिजेरिस नावाचा मोठा डास होतो, नागपुरातही संध्याकाळी भुणभुणतो. त्याच्या अंगात ब्रुजिया मलायी या हत्तीरोगकृमीच्या अळ्या शिरल्या तर त्यांच्याभोवती काळं आवरण चढतं आणि त्या मरतात. तिच्याच गोतावळ्यातली ब्रुजिया पहांगी मात्र त्याच डासात सुखाने वाढते. आपल्याकडचा हत्तीरोग वुचेरेरिया या दुसऱ्या कृमीचा आणि वाहक क्युलेक्स, त्यामुळे हे उत्तर जसंच्या तसं उचलता येणार नाही, पण प्रश्न कसा विचारायचा ते यातून कळतं. बाय द वे, मलेरिया डासातून पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉसला १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना डासांत काळे कण दिसले होते. ते काय असावेत यावर त्याने बरंच डोकं घातलं. डासाने काळ्या आवरणात कोंडून मारलेले जंतू ते हेच, असं नंतरच्या अभ्यासकांनी ठरवलं. म्हणजे डासाची प्रतिकारशक्ती पहिल्यांदा नजरेला पडली तीही भारतातच.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा आहे आणि त्यात दम आहे: आधी कूलरचं पाणी तर फेका. उन्हाळा सरला तरी नागपुरात कूलर खिडकीत तसाच असतो, टाकीत तळाला पाणी. महापालिकेचा माणूस टॉर्च मारतो, "काकू, अळ्या होऊन राहिल्या ना तुमच्या कूलरमंधी," म्हणतो. काकू म्हणतात, "औषध टाकून दे ना रे बाप्पा." तो टाकी तिरपी करतो, पाणी अंगणात सोडतो, तळ घासायला सांगतो आणि भिंतीवर तारीख लिहून जातो. या माणसाचं काम कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा आज जास्त डास रोखतं, यात मला तिळमात्र शंका नाही. त्याचा पगार कापून हिमोसाइट पाहा असं म्हणणाऱ्याला मी पहिला विरोध करीन. पण आपण पैसे तिथे कापत नाही, उडवतो ते धुरात. नगरसेवकाला फोन गेला की धुराची गाडी येते, पोरं मागे धावतात, घरातले डास तसेच राहतात. एडिस दिवसा चावतो, पलंगाखाली आणि कपाटामागे विसावतो. रस्त्यावरचा धूर तिथे जेमतेम पोचतो. गावात फवारणीच्या औषधांना क्युलिसिफेसिस सरावलेला आहे, डीडीटीला तर केव्हाचाच.

दुसरा आक्षेप विदर्भात हमखास येतो, बीटी कापसाचा. मलाही तो सगळ्यात जास्त विचारात पाडतो. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली, बोंडअळी आटोक्यात आली, फवारे कमी झाले, आणि २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने शेतकऱ्याच्या हातात पोकळ बोंडं ठेवली. "तुमच्या जनुकांनी आम्हाला काय दिलं?" हा प्रश्न यवतमाळचा शेतकरी विचारतो तेव्हा त्याच्यापुढे प्रयोगशाळेची महती गाणं उद्धटपणाचं ठरेल. पण नेमकं काय चुकलं ते पाहू. साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर एकशे वीस ग्रॅमचं बिगरबीटीचं पाकीट यायचं. ते बांधाच्या कडेने लावायचं, म्हणजे बीटीला न सरावलेल्या अळ्याही शेतात राहतील आणि सरावलेल्यांशी त्यांचा संकर होत राहील. बहुतेकांनी ते पाकीट फेकून दिलं. ते का लावायचं, हे कुणी बसून समजावलं होतं? अळीच्या जीवशास्त्राचा अभ्यास कमी पडला, जो झाला तो शेतापर्यंत गेला नाही, आणि बियाणं मात्र लाखो हेक्टरांवर पसरलं. केंद्रीय कापूस संशोधन संस्था याच नागपुरात असताना हे घडलं. बीटीचा अनुभव मला तरी किड्याचा अभ्यास वाढवण्याच्या बाजूने बोलताना दिसतो, आणि पसरवण्याची घाई कमी करण्याच्या.

तिसरी गोष्ट इतिहासाची. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९७०च्या सुमाराला दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं केंद्र काढलं होतं, अमेरिकेच्या पैशावर. हरियाणात सोनीपतला वंध्य एडिस सोडायचं ठरलं. वृत्तपत्रांनी विचारलं की भारतात पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर, नसताना तो पसरवणाऱ्या एडिसमध्ये अमेरिकेला एवढा रस कशाला. जैविक युद्धाचा संशय बोलला गेला, संसदेच्या लोकलेखा समितीने ताशेरे ओढले आणि १९७५ साली सगळं बंद झालं. पत्रकारांनी विचारलं ते चूक नव्हतंच. त्या काळात तो प्रश्न कुणीही शहाणा माणूस विचारेल. उत्तरं वेळेवर आणि उघड आली नाहीत, हे दुखणं होतं. त्यात सोडण्याचा कार्यक्रम गेला तो गेलाच, पण डासाच्या जनुकांचा अभ्यासही संशयाच्या घेऱ्यात आला आणि एका पिढीने या विषयाकडे पाठ फिरवली. महाराष्ट्रातही २०१७ साली जालना जिल्ह्यात दावलवाडीला जनुकबदल केलेल्या एडिसच्या पिंजऱ्यातल्या चाचण्या झाल्या. खासगी कंपनीचा प्रयोग होता, आणि सामान्य माणसाच्या कानावर त्यातलं फारसं काही आलं नाही.

म्हणून दोन दारं वेगळी असावीत. हिमोसाइट उजळवलेला डास प्रयोगशाळेतून बाहेर जायचाच नसतो, त्याला स्वतःहून पसरण्याची कुठली योजनाही चिकटवलेली नसते. जनुक सगळ्या वंशात रेटत नेणारी जीन ड्राइव्ह ही वेगळी गोष्ट आहे. २०१५ साली कॅलिफोर्नियात स्टेफेन्सायवर ती करून दाखवली गेली आणि तिच्याविषयी मलाही धास्ती वाटते. पहिल्यासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि जैवतंत्रज्ञान विभागाची देखरेख पुरते. या विभागाने २०२३ साली जनुकबदल केलेल्या कीटकांवरच्या संशोधनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या वापरायला कुणीतरी हवं. दुसऱ्यासाठी, म्हणजे सोडण्यासाठी, दिल्लीतल्या समितीची सही मला पुरेशी वाटत नाही. ग्रामसभा हवी. गडचिरोलीत मेंढा-लेखासारख्या गावाने अभ्यासगट बसवून, सगळ्यांची संमती होईपर्यंत निर्णय न घेण्याची रीत पाडली आहे. डासांसाठी ती रीत का नको?

जागाही आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी केली. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचे रोग एकत्र पाहणारी ही संस्था. डास तिच्या अगदी मध्यावर बसतो. तिथे कीटकघर हवं. सत्तावीस अंश तापमान, ऐंशी टक्के आर्द्रता, दोन दारं आणि मधे जाळी, साखरपाणी, पातळ पडद्यातून कोमट रक्त पाजायची सोय. नागपूरच्या मे महिन्यात म्हणजे डासांना एसी आणि त्यांना सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांना कूलर, असं चित्र होईल, पण ते चालेल. गडचिरोलीतून आणलेल्या क्युलिसिफेसिसची वसाहत तिथे टिकवणं हेच पहिल्या दोन-तीन वर्षांचं काम असेल, कारण रानातून आणलेला डास पिंजऱ्यात सहजासहजी प्रजा वाढवत नाही. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रातून एमएस्सी होऊन एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसलेली मुलं हे काम शिकू शकतात. अंड्यात सुई घालण्याला लागतो तो हात आणि चिकाटी.

एखादा चकाकत्या डोळ्यांचा डास निसटला तर? शक्यता शून्य नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण चकाकण्याने त्याला जगण्यात काही फायदा नाही, आणि डास आपल्याच मुलखातल्या जातीचा असल्यामुळे नवीन प्रजातीही येत नाही. असा जनुक दोन-चार पिढ्यांत विरून जाण्याचीच शक्यता मोठी. तरीही किती डास पैदा झाले, किती मारले, कुठल्या दिवशी जाळी फाटली, कुणी पाहिलं, काय केलं, याची वही संस्थेने मराठीत ठेवावी आणि आठवड्याला संकेतस्थळावर टाकावी. जाळी फाटल्याची नोंद एकदाही त्या वहीत आली नाही, तर मी सगळ्यात आधी त्याच पानाबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज टाकीन.